शिडीला पायऱ्या किती

अंबडच्या कंपनीतून योजना लाकूड घेऊन आली,
मशीनच्या पॅकिंगचं, स्कूटरच्या पायाशी उभं धरून.
अजून त्यावर छापलेली छत्री आणि काचेचा पेला,
म्हणजे भिजवू नका, आपटू नका.
कपिलनं विचारलं, हे माझ्याबद्दल आहे का?

पोरांच्या दुमजली पलंगाला शिडी करायची होती.
पलंग तसा तयार होता,
गेल्या दिवाळीपासून तयारच होता, शिडीवाचून.
जुई वर जायची खिडकीच्या गजांना धरून,
कपिल जायचा माझ्या अंगावरून.

ती आयटीआय झालेली. ड्रिल तिच्या हातात,
मी टोक धरतो.
लग्नाला नऊ वर्षं झाली, अजून टोकच,
आणि खरं सांगायचं तर तेवढं मला जमतं.

"पायऱ्या किती?" कानावरची पेन्सिल काढत तिनं विचारलं.
"पाच," मी म्हणालो.
"सहा," जुई.
"पांडवलेण्याला आहेत तेवढ्या," कपिल.
त्या किती?
कोणालाच माहीत नाही.
चौघंही जन्मानं नाशिकचे, आणि कोणालाच नाही.

मग काय. ड्रिल सोफ्यावर, भुसा फरशीवर,
वरण कुकरमध्ये तसंच,
आणि स्कूटरवर चौघं.
पाथर्डी फाट्याला हवालदार दिसला
तशी जुई आपणहून लहान झाली.

पायथ्याशी काकडी घेतली, तिखट-मीठ लावून.
जुई मोजणार मोठ्यानं, योजना बोटांच्या पेरांवर,
कपिल मनात,
मी नुसत्या धापा.
जुई इंग्रजी शाळेतली. एकोणसाठनंतर तिनं थेट सत्तर म्हटलं.
मी दुरुस्त केलं नाही,
दहा पायऱ्या फुकटात चढून झाल्या.
पुढं कपिलच्या चपलेचा अंगठा तुटला.
त्याच्याही पुढं एक सुरवंट आडवा आला,
त्याला आधी जाऊ द्यायचं ठरलं.
सुरवंटाला कसली घाई.
तो गवतात शिरला तोवर योजनाची पेरंही विसरली होती.

लेण्यात गार. वटवाघळांचा वास.
कपिलनं भिंतीतल्या छिन्नीच्या रेघेत बोट घातलं
आणि म्हणाला, "ह्यांनी पॉलिशपेपर नाही मारला."
योजना मात्र भिंतीवरून हात फिरवत राहिली,
कंपनीत जॉब तपासते तसा, डोळे बारीक करून.
"हात स्थिर होता त्याचा," ती म्हणाली.
"इथं मात्र घसरलाय, बघ.
मग पुढची फूल-पाकळी थोडी जाड केली, सांभाळून घेतलं."
मी बघितलं. मला दगड दिसला.
तिच्या कानावर अजून पेन्सिल होती.

बाहेर कठड्याशी उभं राहून आम्ही आमची बिल्डिंग शोधली.
"ती, निळ्या टाकीची!" जुई ओरडली.
खाली सिडकोभर निळ्याच टाक्या.

उतरताना कोणी मोजलं नाही.
कपिल माझ्या खांद्यावर झोपला,
त्याची तुटकी चप्पल माझ्या खिशात,
आणि मानेवर काकडीच्या वासाची लाळ.

रात्री साडेनऊला शिडी उभी राहिली.
पायऱ्या पाच.
तिसरी किंचित कललेली, कारण ड्रिल फिरताना
नेमका माझ्या हातातला टोकाचा भाग हलला.
मी जीभ चावली.
ती काही बोलली नाही. चौथी पायरी
तिनं तितकीच कलती बसवली,
छत्री-पेल्याचा शिक्का वर ठेवून.

खालच्या बिऱ्हाडातून कोणीतरी छताला झाडू ठोकला.

कपिल झोपेतून उठून आला, चड्डीवर,
आणि एकेक पाय टाकत चढला:
एक, दोन, तीन, एकोणसाठ, सत्तर.
पोचला.
टाळ्या झाल्या, जुईनं शिट्टी मारली,
मी दिवा घालवायला निघालो.

अंधारात वरून आवाज आला,
"बाबा, मला उलटं मोजता येत नाही.
उतरू कसा?"