पाटी

गाडी लावली तिथून पाण्यापर्यंत
मोजून एकशे बारा पायऱ्या,
एका बाजूला लोखंडी कठडा.
आईच्या गुडघ्यांकडे बघूनच निवडली होती जागा:
जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या अलीकडं,
पाखऱ्याची कोंड.
तरी सत्तराव्या पायरीवर ती बसलीच,
आणि तिथंच डबा उघडला.
'पाणी काय, इथनंबी दिसतंय की.'

उकडलेली रताळी, भाकरी, दाण्याची चटणी,
रबर लावलेला कुंद्याचा पुडा.
वर झाडं इतकी दाट
की भर बाराला कुंदा हिरवट दिसत होता.
कुठंतरी शीळकरी कस्तूर
रिकामटेकड्या पोरासारखा
अर्धी चाल वाजवायचा, विसरायचा,
पुन्हा पहिल्यापासून.

बाबा केव्हाच खाली गेले होते,
चपला हातात घेऊन.
हजेरीपटावरचे शट्टुप्पा रवळू हलगेकर,
उद्यमबागेतल्या फौंड्रीत अडतीस वर्षं.
घरी आले की आधी अंगणात उभे राहायचे,
अंगातली धग जराशी उतरू द्यायला,
मग उंबरा ओलांडायचे.
मी त्यांना बनियनशिवाय
कधी पाहिलंच नव्हतं.

कोंडीच्या काठावर पिवळी पाटी, कानडी अक्षरं,
खाली काळ्या खडकाकडे बाण.
'काय लिवलंय गे, बाळ?'
शर्वरी चौथीत. कानडीत वर्गात दुसरी.
तिनं पाटी वाचली. मग आजोबांकडे बघितलं.
'लिहिलंय की,
आजोबा लोकांनी पाण्यात उतरलंच पाहिजे.'
'सक्तीच हाय म्हण की मग.'
'हो. नाहीतर दंड आहे. पाचशे.'

बैलहोंगलहून आलेलं एक कुटुंब
शेजारच्या कातळावर गिरमिट खात होतं.
त्यांना सगळं कळलं. ती म्हातारी
तोंडावर पदर धरून हसत राहिली,
बोलली मात्र नाही.

बाबांनी सदरा काढला, घडी घातली.
बनियन काढलं, त्याचीही घडी.
दोन्ही हातांवर कोपरापर्यंत
ठिणग्यांचे बारीक पांढरे ठिपके,
ते मला माहीत होते.
पाठ माहीत नव्हती.
पाठ अगदी कोवळी होती,
कुणीच न वापरलेल्या खोलीसारखी.

उतरले. गुडघे, कंबर, छाती,
मग एकदम उताणे,
हात पसरून, पोट वर, डोळे मिटून.
कार्तिकातला धबधबा,
पावसाळ्यातला माज उतरलेला,
शेजारीच आपला पडत होता.
एक सुकं पान येऊन
त्यांच्या छातीवर थांबलं.
त्यांनी ते काढलं नाही.

'पोहायला कधी शिकलात?' मी काठावरून ओरडलो.
उत्तर आलं नाही. कान पाण्यात होते.
वरून आई म्हणाली,
'लग्नाआधीचं असंल. मला काय ठाऊक.'
आणि कुंद्याचा एक तुकडा
कागदावर वेगळा काढून ठेवला.

मला पोहता येत नाही.
शिकवायला त्यांना वेळ कुठला,
दुसरी पाळी, जादा पाळी,
आणि मी कधी मागितलंही नाही.
कमरेपर्यंत गेलो, तिथंच उभा राहिलो,
पायाला शेवाळ, पोटऱ्यांना बारीक मासे टोचत.
ते माझ्याभोवती एक फेरी मारून गेले.
काळ्या खडकाच्या पलीकडे
एकदाही गेले नाहीत.

वर येताना त्यांनी कठडा धरला नाही.
आईनं कुंदा पुढं केला,
ओठ निळे पडलेत म्हणून रागावली.
शर्वरी त्यांचं डोकं पुसत होती,
जरा जोरातच.

जांबोटीला चहा. गाडीच्या काचेवर ओला पंचा अडकवलेला.
बाबा पुढच्या सीटवर, मोजे शोधत,
माझ्याकडे न बघता म्हणाले,
'अपाय. तेवढी अक्षरं येतात मला.
भट्टीच्या दारावर हुती.'
मग मागं वळून पाहिलं.
शर्वरी झोपली होती, तोंड उघडं.
'तिला सांगू नको.'