लेबलं वाळवीनं खाल्ली

जिल्ह्याहून आलेली पेटी
दोन उन्हाळे ऑफिसच्या कोपऱ्यात पडून होती.
कापगते सरांनी उघडली तेव्हा
एकवीस खणांत एकवीस दगड जागच्या जागी,
नि नावांच्या जागी मातीच्या बारीक नळ्या.
वाळवीला कागद तेवढा कळतो.

सरांना व्याख्या पाठ होत्या.
अग्निजन्य : तापला रस निवून झालेला.
स्तरित : गाळावर गाळ बसून.
रूपांतरित : आधी एक, मग दाबाखाली दुसराच.
तिन्ही फळ्यावर लिहून झाले,
पण पेटीतला कोण कुठल्या घरचा
हे फळा सांगेना.
"कोणाच्या घरचं खाणीवर आहे?"
अर्ध्या वर्गानं हात वर केले.
मी केला नव्हता.
तरी आईच आली,
दुसऱ्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत,
डोक्यावरची चुंबळ कमरेला खोचून.

फुलवंता उके. छाटणीवर अठरा वर्षं.
तिनं डोळे मिटून
पहिला गोटा तळहातावर झेलला.
"हा आमचा. कारे तं सगरेच दिसतेत,
पन हा हाताले खाली ओढते."
फुटक्या कपाच्या बुडाशी घासला,
काळी रेघ उमटली.
सरांनी चिठ्ठीवर लिहिलं : मँगनीज.
दुसराही काळाच, पण हलका.
"हा लाव्ह्याचा, बेसाल्ट असेल," सर हळूच म्हणाले.
"मंग घाईत थंडा झाला असन," आई म्हणाली,
"दानाच नाही धरला यानं."

एकाला नखानं खरवडलं,
टेबलावर वाळू सांडली.
"हे तं वैनगंगाच होय. बसली आहे निरी."
दोन पांढरे निघाले.
एकाच्या चुऱ्यावर लिंबू पिळलं, तो फसफसला.
दुसरा ढिम्म. त्यानं खिडकीच्या काचेवर ओरखडा काढला,
आणि मुख्याध्यापक बाहेर येऊन बघून गेले.
अभ्रकाचे पापुद्रे आम्ही पोरांनीच सोडवले,
अर्धे खिशात गेले.

मग ग्रॅनाइट :
गुलाबी, काचेसारखा, चमचम करणारा,
तिघं एका घरात मिसळून.
त्याच्या शेजारच्या खणातही तेच तिघं,
पण पट्ट्यापट्ट्यांनी.
आईनं त्या पट्ट्यांवरून अंगठा फिरवला.
"याले कोनंतरी रांगेत उभं केलं."
सरांनी फळ्याकडे बघितलं,
तिसऱ्या ओळीकडे,
आणि बराच वेळ खडू हातातच राहिला.

निळा मात्र तिला आधीपासून ठाऊक होता.
पाटीसारखा लांबट, कायनाइट.
तिनं विळ्याचं टोक उभं ओढलं : चरा पडला.
तेच टोक आडवं ओढलं : विळाच घसरला.
"दगड एकच," म्हणाली, "कोन्या अंगानं जाता त्यावर आहे."
वर्गात कोणी हसलं नाही.
माझे कान तापले होते, का ते आठवत नाही.

एकविसावा तिनं तीनदा उचलला.
हिरवट, काचेरी, आत बुडबुडे.
घासला. हुंगला. जिभेलाही लावला.
"हा मले नाई समजत."
सरांनी तेही अक्षर चांगलं काढून लिहिलं :
माहीत नाही.
भोंगा झाला. ती गेली.
सगळ्या चिठ्ठ्यांवर काळे अंगठे राहिले.

आता मी वणीकडे बोअरिंगच्या कॅम्पवर असतो,
जमिनीतून निघालेले लांब दांडे पेटीत लावतो,
मीटर मोजून नावं लिहितो.
परवा गावी गेलो तर शाळेत ती पेटी होतीच.
एकविसावा उचलला,
आणि उचलताक्षणी कळलं, हा दगडच नव्हे.
भट्टीतली मळी.
आई छाटून टोपलं भरायची,
वॅगन तुमसरकडे जायची,
आत धातू निराळा व्हायचा
आणि हे उरायचं.
खाणीवर ते कधी परत आलंच नाही.
तिनं कुठून ओळखावं?

सरांची चिठ्ठी मी काढली नाही.
पेन हातात होतं.
मागच्या कोऱ्या बाजूला
फक्त तिचं नाव लिहिलं,
आणि खण बंद केला.