अकरा मार्च, बुधवार

वही एकच होती. पुढून वडिलांची उधारी,
मागून माझी गाणी.
पुढे: गूळ अर्धा किलो, रॉकेल, विड्यांचे दोन कट्टे.
मागे: सोळाव्यावरून नवव्यावर, नवव्यावरून तिसऱ्यावर.

कुडचड्याला आमचं दुकान. आम्ही पसरो म्हणतो,
आणि होताही तो पसाराच.
बुधवारी रात्री आठला मिठाच्या गोणीवर
ट्रान्झिस्टर मांडायचा,
त्याच्या जाळीवरची खाणीची तांबडी धूळ
शाणूदादा बाहीनं पुसायचा, देवासारखी.
ट्रकवाले, बार्जवाले, पोस्टातले प्रियोळकर
(लायसन्सचे पैसे भरलेत ना, हे विचारून मगच बसणारे),
सगळे त्या आवाजाकडे तोंड करून,
जणू तो दिसणार होता.

सिलोन समुद्रासारखंच यायचं.
एक ओळ किनाऱ्यावर टाकायचं
आणि दोन ओढून न्यायचं.
गेलेल्या ओळी आम्ही आपापल्या घालून घ्यायचो.
म्हणून आजही एकाच गाण्याचे
आमच्या गावात चार-पाच पाठ आहेत.

मी सतरा वर्षांची. पेन्सिल कानामागे, वडिलांसारखी.
पैजा माझ्या वहीवर सुटायच्या.
मी लिहिलं की लिहिलं.

फेलिसियो बार्जीवर सुकाणू धरायचा.
त्याचं एक गाणं होतं, सातव्यावर अडकलेलं,
पुढच्या बुधवारी आठव्यावर जाईल असं.
त्याच्या दुसऱ्या कडव्याआधी गायिका श्वास घेते,
तो ऐकू येतो.
सावर्ड्याच्या पुलाखालून जाताना फेलिसियो ते शिटीत वाजवायचा
आणि श्वासाची जागा
तेवढीच मोकळी सोडायचा.
नदीवर तेवढ्यापुरतं इंजिन ऐकू यायचं.

आणि त्यानं पैज लावली. शाणूदादाशी. बारा सोडे.
सगळे हसले. पहिलं? ते?

त्या रात्री दुसऱ्या नंबरापर्यंत आलो
आणि सेल मेले.
दिवसभर उन्हात ठेवलेले, दातांनी चेपलेले चारही सेल.
कुणी ट्रान्झिस्टरला थापट मारली,
कुणी हात वर करून तारेसारखा उभा राहिला.
काही नाही. रातकिडे.

सकाळी सगळे विचारायला आले.
मी म्हटलं, मडगावहून बसच्या कंडक्टरनं आणलीय बातमी.
आणि वही उघडून दाखवली.

बारा सोडे फुटले. गोळ्या बाटल्यांत खुळखुळल्या.
फेलिसियोनं एक बाटली माझ्यासमोर ठेवली,
काहीच बोलला नाही.
पावसाआधी तो मुरगावहून बोटीवर गेला,
तारवटी झाला. मग कुवेत म्हणे, मग कुठे.
वहीच्या पुढच्या भागात वडिलांच्या अक्षरात आहे तो:
साबण, काडेपेटी, तीन रुपये चाळीस पैसे.
वडिलांनी खोडलं नाही. मीही नाही.

मधल्या पानाशी उधारी आणि गाणी एकमेकांना भिडतात.
पलीकडे कोरं काही नाही.

परवा भाचा फोन घेऊन बसला.
त्यात सगळी गाणी आहेत, कधीही, हवी तेवढी,
एकही ओळ ओहोटीला जात नाही.
त्या वर्षाच्या याद्यासुद्धा. बुधवारागणिक.
म्हणाला, मावशे, तुझ्या वहीत चूक आहे.
त्या आठवड्यात पहिलं दुसरंच होतं.

शाणूदादा आरामखुर्चीतून उठलाच.
शहात्तराव्या वर्षी, गुडघा धरून.
फोनला काय कळतंय? इथे लिहिलेलं आहे!
बारा सोडे हरलोय मी त्यावर!

भाचा माझ्याकडे बघत राहिला.
मी चष्मा पुसायला घेतला.

दादा पुन्हा बसला, आणि रागारागात
तेच गाणं गुणगुणायला लागला, बेसूर,
दुसऱ्या कडव्यापर्यंत आला
आणि थांबला. तेवढाच.

मी ऐकत होते. नदी इथून लांब आहे आता,
आणि बार्जी बंद आहेत.