किल्ला, बाहेरून

सकाळी साडेसात. काळी गाडी, काचेच्या गार बाटल्या,
वाळ्याचं अत्तर शिंपडलेले चार नॅपकिन.
कोपिनेश्वर, गर्दी व्हायच्या आत.
मासुंद्याला नुसती फेरी, उतरायचं नाही,
बाईंच्या चपला रेशमी आहेत.
टेंभी नाक्याचं सिनेगॉग: परवानगी आली.
घोडबंदरला जेवण, पांढरा तंबू,
सतारवाला हवा म्हणतात; बघू.

किल्ल्यापाशी माझं पेन अडतं.
पाहुण्यांनी दोनदा लिहिलंय, आतून बघायचाय,
पैशाचा प्रश्न नाही.
मी दोनदा कळवलंय, तिथे तुरुंग आहे.

नाखवा चाव्या बोटावर फिरवत उभे.
चेंदणीचे, साठीतले,
ओहोटीला खाडी बोलते तेवढंच बोलणारे.
"बुरूज आतून बुटका दिसतो," म्हणाले,
"आणि रात्री भिंतीला कान लावला
की भरती कळते."

मी विचारलं नाही, कधी, किती दिवस.
चाव्या फिरतच राहिल्या.

कागदावर लिहिलं:
किल्ला, बाहेरून. पाच मिनिटं.
मग पाच खोडून दोन केली.
गाडी चालूच ठेवायची.