आधी हात लाव

रात्रीचे अकरा. कुठ्ठाळीत पंखा तीनवर,
अंगात बनियनसुद्धा नाही,
आणि कुंपणापलीकडून एस्पेरांसाची हाक:
म्हाबळूबाब, मात्शें येयात,
पोराच्या खोलीतला रेडिएटर तापत नाही.

पोर म्हणजे जोनास. खोली म्हणजे स्विंडनमधली,
चौघांच्या भाड्याच्या घरात, मागच्या अंगाला,
काचेला आतून दंव.
तिने मोबाईल माझ्या हातात दिला,
जसा एकदा जोनासच दिला होता,
दीड वर्षाचा, तापाने फणफणलेला, बघा म्हणून.

मी म्हटलं, आधी हात लाव.
दोष डोळ्यांनी शोधायचा नसतो.
वर लाव. मग खाली. मग दोन्ही नळ्यांना.
वर गार, खाली ऊन, तर वारा कोंडलाय.
वर ऊन, खाली गार, तर गाळ बसलाय.
अंकल, सगळाच गार.
बाकीच्या खोल्यांत?
तिथे लोक शर्ट काढून बसलेत.
आणि नळ्या?
थांबा... हो, एक चटका देते.

बॉयलरचा काटा दीडवर.
मग त्याला बोल लावू नकोस, म्हटलं,
त्याने ऊब उंबऱ्यापर्यंत आणून सोडलीये.

तरी वारा बघितला. बघावाच.
चावीचा पाव फेरा, खाली फडकं.
फुस्स झालं नाही. काळं पाणी आलं,
बशीभर.
बंद कर, बंद कर,
गालिचा घरमालकाचा आहे.

मी उभ्या जन्मात घरातला रेडिएटर पाहिला नाही.
वास्कोच्या गोदीत पाहिले,
केबिनींत भिंतीला पाठ लावून उभे.
उत्तरेला जाणारी बोट असली
की मे महिन्यात वाफ सोडून तपासायचे.
बाहेर छत्तीस. आत किती ते कोण मोजतो.
तळवा टेकवायचा,
चटका बसला की कागदावर 'ठीक'.
याच्या उशाला कोण निजणार
हे मुकादमाने कधी सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.
घामाने पेन निसटायचं, एवढं आठवतं.

जोनास, ते आकड्यांचं टोपण पाचवर फिरव.
खालची कडी सोड. ओढून काढ.
आत पितळेतून पिन डोकावते? दाब.
हलत नाही.
मग तीच. उन्हाळाभर मिटून होती,
आता उघडायचं विसरली.
पकडीने उपटू नकोस हं,
उपटलीस तर खोलीत तळं.
पान्याची पाठ घे. बाजूने टिचक्या मार,
दार ठोठावतात तशा नव्हे,
शहाळं वाजवून बघतात तशा.

टक.
एस्पेरांसाने झग्याचं टोक मुठीत धरलेलं.
टक. टक.
जोनासच्या तोंडातून वाफ, पडद्यावर धुकं,
मध्येच चित्र थिजलं, आवाज चालू. टक.

पिन वर आली. दोन मिलिमीटर.

नळीत कुणी घसा खाकरल्यासारखं झालं.
अंकल, वरचा कोपरा कोमट.
थांब, लोखंड आहे ते, त्याला वेळ दे.

तेवढ्यात तिने फोन ओढून घेतला
आणि पडद्यावर अख्खा पंजा ठेवला.
माँय, काय करतेस, काळोख झाला इथे.
तूंच वोगी राव, ती म्हणाली,
हात लावून बघते.
फोन तापलाच होता,
पाऊण तास चालू, बॅटरी जुनी.
मी काही बोललो नाही.

सकाळी कुंपणावर बिंबलांची पिशवी,
आणि निरोप:
टोपण परत कसं बसवायचं, विचारतोय.
पाचवर ठेवूनच, म्हटलं,
आणि कडी हाताने आवळ, पान्याने नको.