तीस दिवसांची गॅरंटी

शारजा, इंडस्ट्रियल पाच. सकाळी आठलाच
पत्र्याला हात लावायची सोय नाही.
गुलजमानच्या शेडमध्ये इंजिनं
फळ्यांवर ओळीने मांडलेली,
वायरी तोडलेल्या, तोंडात चिंध्या कोंबलेल्या,
प्रत्येकाच्या अंगावर खडूने आकडा.

आमची व्हॅन दारात, म्हणजे आणून टाकलेली.
रिकव्हरीवाल्याने दीडशे दिरहम घेतले.
अठ्ठ्याऐंशीची हायएस. कुणा जर्मन साहेबाने
आत पलंग ठोकला, छोटा ओटा बसवला,
आणि नोकरी गेली तेव्हा
चावी माझ्या हातात देऊन म्हणाला,
हिला उन्हात ठेवू नका.
शारजात!

गुलजमान म्हणतो, डिझेल टाका,
गाढव आहे, मरत नाही.
पण डिझेल म्हणजे टाकीपासून सगळं नवं,
मुल्कियावर खाडाखोड, पासिंगला चकरा.
वर्गीस म्हणतो, सहा सिलिंडर बसवा,
डोंगरात मागे वळून बघायला नको.
मी वही काढली.
एकतीस वर्षं लोकांच्या व्हिलांचे नकाशे काढले,
हिच्या सीटखालची पेटी मला तोंडपाठ आहे:
सहा सिलिंडर बसवायचे तर
आम्हा दोघांपैकी एकाला उतरावं लागेल.

राहिलं मूळच्याच जातीचं, कार्बोरेटरचं.
अशी दोन.
एक धुऊन रंगवलेलं, दुसरं तेलाने काळंकुट्ट.
मी अर्थात रंगवलेल्याकडे वळलो.

शैलाने झाकण फिरवून बोट आत घातलं.
बोटावर पांढरट साय.
'पाणी शिरलंय,' म्हणाली. 'वरून कीर्तन, आतून तमाशा.'
मग त्या काळ्याला बॅटरी जोडायला लावली,
लांब स्क्रू-ड्रायव्हर त्याच्या अंगावर टेकवला,
मूठ कानाशी, डोळे मिटलेले.
सव्वीस वर्षं वॉर्डात ती अशीच उभी राहत असणार,
मी कधी पाहिलं नव्हतं.
कामगारांनी ग्राइंडर बंद केला.
कुणीच सांगितलं नव्हतं.

'तिसऱ्याचा ठोका जरा उशिरा पडतो,' म्हणाली,
'पण चुकत नाही.'

चोवीसशेवरून एकवीसशेला तुटलं.
तीस दिवसांची गॅरंटी, गुलजमान म्हणाला,
पण तसं दोन लाख किलोमीटर कुठे गेलं नाही.
मी मनात मांडलं: व्हिसा नोव्हेंबरपर्यंत.
खोरफक्कान, मुसंदम, जमलं तर सलाला,
येऊन-जाऊन पाच हजारही होत नाहीत.
उरलेलं एक लाख पंच्याण्णव हजार
कुणाच्या नावाने पैसे मोजतोय मी?
नोटा पुन्हा मोजल्या. तेवढ्याच होत्या.

शैलाने एवढंच विचारलं,
'चढावर तापेल का?'

'तापणारच, भाभी,' गुलजमान म्हणाला,
अंगठ्याने खडूचा आकडा पुसत.
'तापलं की थांबा. चहा टाका.
आत ओटा आहे ना?'