चीक

मुलाणी सिस्टरच्या पिशवीत लोकरीचा एक स्तन असतो.
गव्हाळ लोकर, मधे तपकिरी,
एका कडेचे टाके उसवून कापूस डोकावणारा.
आठव्या महिन्यात, अंगणवाडीच्या सतरंजीवर
तिनं तो काढला
आणि आम्ही सातजणी भिंतीवरची बाराखडी वाचू लागलो.

"आधी हसून घ्या," ती म्हणाली, "मग बोलू."
मग बाहुलीचं तोंड त्याला लावलं.
"नुसतं बोंड नाही, भोवतीचा काळा भाग आत गेला पाहिजे.
हनुवटी टेकलेली. खालचा ओठ बाहेर वळलेला.
मचमच वाजलं तर सोडवा, पुन्हा लावा.
सोडवताना ओढायचं नाही,
करंगळी घालायची ओठाच्या कोपऱ्यातून."
मी मान हलवत होते,
हे काही परीक्षेला येणार नाही अशी.

आली. मंगळवारी पहाटे तीन वीसला,
विट्याच्या सरकारी दवाखान्यात,
दोन किलो सातशे ग्रॅम.
भिंतीपलीकडं यंत्रमाग खटखटत होते,
त्यातल्या एकावर बाळाचा बाप,
ज्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

आई पहिल्या एसटीनं आली लेंगऱ्याहून,
धारा काढून, हातांना अजून म्हशीचा वास.
माझ्या बोटावरचा पिवळा, दाट थेंब बघून म्हणाली,
"पिळून टाक ते. साचल्यालं असतंय.
मध आणलाय मी, आधी बोट चाटवू."

मुलाणी सिस्टर थर्मामीटर झटकता झटकता थांबली.
"काकू, म्हैस व्याली की चिकाचं काय करता?"

आईचा खरवस आमच्या आळीत नावाजलेला.
गूळ, वेलदोडा, वर किसलेलं जायफळ.
म्हैस व्यायच्या आधीच चार घरांच्या वाट्या येऊन बसतात.
"पर त्याआधी रेडकाला पाजता ना?"
"तर! त्याबिगर उभं ऱ्हातंय व्हय ते?"
आई म्हणाली,
आणि आपलंच बोलणं कुणा दुसऱ्याचं असल्यासारखं
ऐकत राहिली.

मधाची बाटली पिशवीत गेली.
म्हणून काही सगळं सुरळीत झालं नाही.
दुसऱ्या रात्री बोंडांना चिरा पडल्या,
बाळ तोंड लावी, सोडी, निळं होईस्तोवर रडे.
शेजारच्या खाटेवरून कुणीतरी पावडरचा डबा पुढं केला,
चांगल्या मनानं.
सासरची माणसं दारात उभी राहून विचारत होती,
"येतंय का? आलं का?"
जसं काही मी नळ होते आणि पाण्याची वेळ टळून चालली होती.

तेव्हा आई उठली.
"समद्यांनी भाईर. म्हशीपाशी अशी गर्दी केली
तर ती पान्हा चोरती. ही तर माणूस हाय."
दार लोटलं. माझा गाऊन सोडला,
बाळाचं दुपटं काढून त्याला उघडंच माझ्या छातीवर पालथं घातलं,
आणि पाठीवर हात फिरवू लागली,
मानेपासून खाली, सावकाश,
गोठ्यात ज्या लयीत फिरवते त्याच लयीत.
मला हसूही आलं, रडूही.

मी आठवत होते: हनुवटी. खालचा ओठ. काळा भाग.
बाळानं डोकं घुसळलं, आ केला,
मोठा, जांभईएवढा,
आणि मी त्याला जवळ ओढलं.

वीज तेवढ्यात गेली.
यंत्रमाग थांबले, एक, मग शेजारचा, मग सगळी पेठ.
इतक्या वर्षांत विटं इतकं गप्प मी ऐकलं नव्हतं.
त्या गप्पपणात
घुट्.
मग थांबून पुन्हा, घुट्.

अंधारात आईचा हात पाठीवरच होता.
बऱ्याच वेळानं म्हणाली,
"तुझा मी पिळला हुता. चुलीमागं, राखंत.
सांगितलं तसं केलं.
तीन दिस तू गुळाचं पाणी चोखलंस."

काय बोलावं कळेना.
करंगळी घातली ओठाच्या कोपऱ्यातून,
आणि बाळ दुसऱ्या अंगाला घेतलं.